मराठी नावे वाचताना

पंढरपुरात विठ्ठलाच्या रोजच्या उपचारांत सात सेवाधारी घराण्यांचा वाटा होता. पुजारी पूजा करीत, बेणारी मंत्र म्हणत, परिचारक पाणी आणून देत, हरिदास पदे गात, डिंगरे देवाला आरसा दाखवीत, दिवटे दिवटी धरीत आणि डांगे चोपदारीची काठी घेऊन उभे राहत. देवळाचा सारा कारभार बडव्यांकडे आणि रुक्मिणीची सेवा उत्पातांकडे असे. १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याने हे वंशपरंपरेचे हक्क संपवले. त्यावर अनेक वर्षे न्यायालयात वाद चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला. सेवा संपली तरी आडनावे घराघरांत तशीच आहेत आणि शाळेच्या हजेरीपटावर, बँकेच्या पासबुकात रोज लिहिली जातात.

मराठी नावांच्या अभ्यासात शिरणाऱ्याने आरंभी हे उदाहरण समोर ठेवावे, कारण ते सोपेही आहे आणि सावध करणारेही. सोपे अशासाठी की इथे आडनाव आणि काम यांचा मेळ डोळ्यांनी दिसतो. सावध करणारे अशासाठी की महाराष्ट्रातला प्रत्येक दिवटे पंढरपूरचा नाही आणि प्रत्येक पुजारी विठ्ठलाचा नाही. दिवटी गावोगावच्या देवळांत होती, वाड्यांत होती, पालख्यांपुढे होती. एकाच कामाने दहा ठिकाणी दहा घराण्यांना एकच आडनाव दिले असेल, तर त्या दहांना एका मूळपुरुषाची लेकरे म्हणता येत नाही. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचा इतिहास कळला, असे होत नाही. म्हणून कोणतेही नाव हाती आले की मी प्रथम एकच प्रश्न विचारतो : हे नाव कोणी, केव्हा आणि कोणाला वेगळे ओळखण्यासाठी वापरले? मराठी नावांविषयी जे काही नेमके सांगता येते, ते या प्रश्नाच्या उत्तरातूनच निघते.

माणसाला वेगळे ओळखण्याची गरज जुनी आहे, आडनाव मात्र तितके जुने नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्यांनी दान दिले त्यांची नावे भिंतींवर आणि खांबांवर कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे आणि धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. नाव, गाव, धंदा एवढ्यावर ओळख पुरी होत असे. त्याच काळातले सातवाहन राजे स्वतःला आईवरून ओळखवीत : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख तर राजाच्या आईनेच कोरवून घेतलेला आहे. पुढे हजार-बाराशे वर्षांनी संतमंडळींकडे पाहिले तर तिथेही नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी अशीच ओळख दिसते. कार्ल्याचा गंधी आणि तेरचा गोरा कुंभार एकाच रीतीने ओळखले गेले. आपल्याकडे नाव आणि धंदा यांची ही जोडी पुढे आडनावांत उतरली. सुतार, लोहार, कुंभार, परीट, तांबट, रंगारी, आतार, शिकलगार, बागवान ही आडनावे आज जे वागवतात, त्यांच्या दारात ती अवजारे असोत वा नसोत, बलुत्या-अलुत्यांची जुनी वाटणी त्या शब्दांत वाचता येते.

‘कर’ लागलेली आडनावे सर्वांना परिचयाची आहेत आणि म्हणूनच त्यांच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पैठणात राहणाऱ्याला पैठणात कोणी पैठणकर म्हणत नाही. तिथे सगळेच पैठणचे. तो माणूस पैठण सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला पैठणकर म्हणू लागतात. म्हणजे चिपळूणकर, राजापूरकर, मालवणकर, पुणतांबेकर या आडनावांत गाव असते, तशीच त्या गावातून बाहेर पडल्याची नोंदही असते. एखाद्या तालुक्यातली अशी आडनावे गोळा केली, तर लोक कोठून कोठे सरकले याचा नकाशा काढता येतो. कोकणातून घाटावर आलेली माणसे, घाटावरून इंदूर-ग्वाल्हेरकडे गेलेले शिलेदार आणि कारकून, दुष्काळात हललेली कुटुंबे, सगळी या एका प्रत्ययात सापडतात. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले आणि ते आडनाव माळव्यात जाऊन राजघराण्याचे झाले. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतले. तिथे गाव आणि दैवत एकाच शब्दात आले.

या प्रत्ययाने धर्माची कुंपणेही मानली नाहीत. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली यहुदी पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, किहीमकर झाले. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल किहीमकर यांच्या नावात हिब्रू, इंग्रजी वळण आणि अलिबागजवळचे एक गाव शेजारी शेजारी नांदतात. कोकणातल्या मुसलमानांतही गावावरून पडलेली आडनावे मुबलक आहेत आणि देशावरचे मुसलमान इनामदार, देशमुख, पाटील, मुजावर, मुलाणी ही आडनावे पिढ्यानुपिढ्या लावत आले आहेत. वसईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आडनावे आहेत आणि त्या घरांची भाषा मराठीची बोली आहे. मराठी आडनावांचा अभ्यास म्हणजे हिंदू आडनावांचा अभ्यास, अशी समजूत घेऊन जो येईल त्याचा निम्मा विषय दारातच सुटेल.

आता हुद्द्यांची आडनावे. इथे थोडे थांबायला हवे, कारण मराठी राज्यकारभाराचा इतिहास जितका या आडनावांत थरांनी साठला आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल. सर्वांत खालचा थर गावाचा. पाटील हा शब्द जुन्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकील’पर्यंत मागे नेता येतो. कुलकर्णी, नाडगौडा यांत कन्नड मुलखाशी असलेला जुना शेजार ऐकू येतो. त्यांच्या वर परगण्याचे देशमुख, देशपांडे, सरदेशमुख, देसाई. आणि त्यावर बहामनी व नंतरच्या शाह्यांच्या दफ्तरातून आलेला फारसीचा थर. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फर्द लिहिणारा फडणीस, चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. जमाखर्चाचा मेळ घालणारा मजमूआदार बोलता बोलता मुजुमदार झाला. किल्लेदार, सुभेदार, हवालदार, जमादार, दफ्तरदार, जहागीरदार यांची फोड करून सांगायची गरज नाही.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी कारभारातली फारसी बाजूला सारायचे ठरवले. राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, दबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती झाला. हुद्दे बदलले. पण आज महाराष्ट्रात मुजुमदार आहेत, दबीर आहेत, वाकनीस आहेत, सरनोबत आहेत. ज्या घरांत ते शब्द आडनाव होऊन बसले होते तिथून ते हलले नाहीत. राजाज्ञा दरबारातला शब्द बदलू शकते. चुलीजवळ आणि लग्नपत्रिकेवर रुळलेला शब्द बदलायला तिचे हात पुरत नाहीत. भाषेच्या इतिहासात या गोष्टीचे मोल फार मोठे आहे आणि तिच्याकडे अजून हवे तितके लक्ष गेलेले नाही, असे माझे मत आहे.

याचा अर्थ आडनावे अचल होती असा मात्र नाही. वतन मिळाले, हुद्दा मिळाला, दत्तक गेले, गाव सुटले की आडनाव बदले आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. श्रीवर्धनचे भट पेशवाई मिळाल्यावर पेशवे झाले. रास्त्यांचे मूळ आडनाव गोखले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचे मूळ आडनाव सिधये. देशमुखीच्या वतनाने ते मागे पडले. जोतीराव फुल्यांचे घराणे कटगुणचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामावरून ते फुले झाले. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर. दत्तकाने तर पाळण्यातले नावही बदले : कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. आडनाव घट्ट झाले ते इंग्रजी अमदानीत. शाळेचा दाखला, जमिनीची नोंद, कोर्टातला दावा, सरकारी नोकरीचे पुस्तक या सर्वांना एकच एक, न बदलणारे नाव हवे होते. त्या काळात जो कुळशब्द, जो हुद्दा, जे टोपणनाव तोंडी होते, तेच कागदावर गोठले.

हे गोठणे व्याकरणातही दिसते आणि ते ऐकण्याचा छंद मी प्रत्येक नव्या अभ्यासकाला लावू इच्छितो. काळे, गोरे, फुले, टकले, मोरे या आडनावांच्या शेवटचा ‘ए’ बहुधा अनेकवचनाचा आहे, कारण घराण्याचा उल्लेख नेहमी अनेकवचनात होई. त्यामुळे जुनी माणसे या शब्दांना इतर नामांसारखी विभक्ती लावत : साठ्यांचा वाडा, फडक्यांची सून, जोश्यांची आळी, पाटलांचा मळा. घरातली बाई जोशीण, पाटलीण, देशपांडीण. आज सर्रास ‘साठेंचा’, ‘फडकेंची’ असे ऐकू येते. आडनाव हा मराठी शब्द न राहता ओळखपत्रावरचा शिक्का झाला, याची ही खूण. मला स्वतःला ‘साठ्यांचा’ हेच रूप प्रिय आहे, पण ‘साठेंचा’ हेही अभ्यासकासाठी पुरावाच आहे.

गुणांवरून, अवयवांवरून, प्राण्यांवरून, भाज्यांवरून आणि आकड्यांवरून पडलेली आडनावे अगणित आहेत. सातपुते, सातभाई, अष्टपुत्रे, एकबोटे, सहस्रबुद्धे, वाघमारे, लांडगे, कोल्हे, दोडके, भोपळे, साखरे, बोबडे, बहिरे. ही नावे गोळा करण्यात मौज आहे आणि बहुतेक नवखे अभ्यासक इथेच रमतात. पण इथेच दंतकथांचा धोकाही अधिक आहे. गायकवाड घराण्याच्या पूर्वजाने कवाडाआडून गाई वाचवल्या, घोरपड्यांनी घोरपडीच्या साह्याने किल्ला सर केला, या कथा घराण्यांनी प्रेमाने जपल्या आहेत. त्या टाकून देऊ नयेत. एखादे घराणे स्वतःकडे कसे पाहते हे त्यांतून कळते. मात्र व्युत्पत्ती म्हणून त्यांना पुरावा मागावा.

असाच प्रश्न राजकुळांचा. कदम आणि कदंब, शेलार आणि शिलाहार, साळुंखे आणि चालुक्य, जाधव आणि यादव, मोरे आणि मौर्य, पवार आणि परमार ही नाती ध्वनीच्या नियमांनी बरीचशी जुळतात, आणि मराठ्यांतली देवकांची परंपराही कधी कधी साथ देते. कदमांचे देवक कळंब, मोऱ्यांचे मोराचे पीस. पण शब्द कदंबापासून आला म्हणून हे आडनाव लावणारा प्रत्येक माणूस कदंब राजांच्या रक्ताचा ठरत नाही. राजाच्या चाकरीत असणारे, त्याच्या आश्रयाला राहिलेले, त्याच्या मुलखातून निघालेले लोकही ते नाव घेत आले. म्हणूनच जाधव, पवार, शिंदे, गायकवाड, कदम, साळवे ही आडनावे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, महारांत आणि मांगांत आहेत, इतर कितीतरी जातींत आहेत. आडनाव ऐकून जात ताडण्याची आपल्या समाजातली सवय शास्त्र म्हणून खोटी आणि माणुसकी म्हणून हीन आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने ती उंबऱ्याबाहेर ठेवावी.

आता पाळण्यातल्या नावांकडे वळू. आडनावांपेक्षा त्यांचा अभ्यास कमी झाला आहे, आणि मला तर तोच भाग अधिक जिवंत वाटतो. नावे दैवतांच्या मुलखाप्रमाणे पसरतात. खंडोबाच्या भक्तांत खंडू, खंडेराव, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा, बाणाई. जोतिबाच्या टापूत जोतीराव, केदार. पंढरीच्या वाटेवर विठोबा, पांडुरंग, पुंडलिक, रखमा. म्हसोबावरून म्हस्कू, भैरोबावरून भैरू, बिरोबावरून बिरू. पीरही यात आहेत. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरेने आलेली कथा आहे. ठाणे-पालघरकडच्या आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावे असत. अधिक महिन्यात जन्मलेला तो धोंडू. जन्मस्थळही नावात येई; इरावती कर्व्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीचे नाव त्यांना मिळाले. मराठी समाजातल्या नात्यांचा एवढा सखोल अभ्यास पुढे त्यांच्याच हातून व्हावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

पोरे जगत नसत त्या घरांतली नावे वाचताना मन हलते. दगडू, धोंडिबा, केरू, उकिरडा, भिकाजी, चिंधी. दृष्ट लागू नये, मृत्यूने या पोराकडे फिरकू नये, म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायचे. त्यात तिरस्कार नव्हता, आईबापांची भीती होती. ‘नकोशी’ हे नाव मात्र त्या माळेतले नाही. ते मुलीला उद्देशून खरोखरच नकार सांगते : आता पुढचा मुलगा व्हावा. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. वरवर एकसारखी दिसणारी ही दोन प्रकारची नावे एकाच खणात टाकणारा अभ्यासक मोठी चूक करील.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी. पण घरातल्या सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, मग ती आपल्याच लेकराला हाक कशी मारणार? म्हणून बाळाजीचा नाना झाला. मराठी इतिहासात नाना, तात्या, बापू, भाऊ, आबा, दादा यांची जी दाटी दिसते, तिच्यामागे सुनांचे हे मौन बरेचसे उभे आहे. नवऱ्याचे नाव घेता येत नसल्यामुळे उखाणे रचले गेले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आणि त्या सुनांची स्वतःची नावे? लग्नात तबकातल्या तांदळांत नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव मागे पडे. मणिकर्णिका तांबे झाशीची लक्ष्मीबाई झाली. यमुना ही आनंदीबाई जोशी झाली, तीच पुढे डॉक्टर झाली. यमुना कुर्लेकरची रमाबाई रानडे झाली. मनू गोखलेची लक्ष्मीबाई टिळक झाली. या चौघी प्रसिद्ध, म्हणून त्यांची माहेरची नावे उरली. बाकी असंख्य स्त्रियांची पहिली नावे वतनाच्या कागदांत, वंशावळीत, कुलवृत्तांतात कुठेच नाहीत. कुलवृत्तांतांनी आपल्याला पुष्कळ दिले आहे, पण स्त्रियांच्या बाबतीत बहुतेकांत सासरचे नाव आणि अमक्याची मुलगी एवढेच हाती लागते. उलट महानुभावांच्या लीळाचरित्रात तेराव्या शतकातल्या महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा आपापल्या नावांनी बोलतात, भांडतात, प्रश्न विचारतात. म्हाइंभटांनी जपलेला हा नावांचा ठेवा यादवकालीन साध्या माणसांच्या नावांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. गौतमीपुत्रांच्या मुलखात ही रीत रुजते कशी, हे पुढच्या पिढीचे अभ्यासक पाहतील.

नावे ठरवून बदलता येतात याचे सर्वांत मोठे उदाहरण १९५६ नंतरचे आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घराघरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली. केरू आणि चिंधी ठेवणे भाग पडलेल्या समाजाने एका पिढीत बुद्धाच्या घरातली नावे आपल्या लेकरांना दिली. त्या बदलाचा गावनिहाय, पिढीनिहाय अभ्यास कोणीतरी मन लावून करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

कामाला लागणाऱ्यासाठी साधने विपुल आहेत. वि. का. राजवाड्यांचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हाताशी असावा. त्यांच्या काही व्युत्पत्ती धाडसी आहेत, त्या तपासून घ्याव्यात, पण प्रश्न विचारायची त्यांची हिंमत शिकून घ्यावी. मोल्सवर्थच्या कोशात एकोणिसाव्या शतकात एखाद्या हुद्द्याचा किंवा अवजाराचा काय अर्थ होता ते सापडते. मोडी वाचता आलीच पाहिजे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जुने दाखले, जन्ममृत्यूची रजिस्टरे आणि मोडी दफ्तरे गावोगाव उघडली गेली आहेत. त्या नोंदींत आडनावे कशी लिहिली, कुठे मुळीच लिहिली नाहीत, हेही पाहून ठेवावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांतल्या घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या आहेत. पण कागदांच्या आधी घरातल्या वृद्ध स्त्रियांकडे जावे. त्यांचे पाळण्यातले नाव काय होते, त्यांच्या आईचे आणि आजीचे काय होते, ते विचारून तारीख घालून लिहून घ्यावे, कारण त्यांपैकी बहुतेक नावे कोणत्याही दफ्तरात चढलेली नाहीत.